खाजगीचा सोस

धनत्रयोदशीला आपल्याकडे पूजा होते धन्वंतरीची आणि खरेदी होते सोन्याची. पूजा कोणाची आणि पैसा कशावर, यातली ही तफावत इतकी अंगवळणी पडली आहे की ती आता कोणाच्या डोळ्यांवरही येत नाही. म्हणून दिवाळीच्या अंकात, घरात चकल्यांचा घाणा चालू असताना, कोणी आजारपणाच्या विम्याचा विषय काढला तर वाचकांनी रागावू नये. विषय धन्वंतरीच्याच खात्यातला आहे, आणि तो ज्यांच्याविषयी आहे ती मुले बहुधा तुमच्याच घरातली किंवा शेजारच्या घरातली आहेत.

जर्मनी हा देश आता मराठी घराला परका राहिलेला नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून एकमेकींची भगिनी-शहरे आहेत. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन भाषा शिकलेल्यांच्या पिढ्या झाल्या, चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करारही केला. तिकडच्या विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ पासून भारतीयांचा क्रमांक पहिला आहे. त्यामुळे आता आळीत एखादे तरी घर असे असतेच, की ज्याच्या फराळाचा एक डबा टपालाने म्युनिकला किंवा फ्रँकफुर्टला जातो.

अशा घरांतून गेली काही वर्षे एक नवेच कौतुक कानांवर येते. चिरंजीवांची नोकरी, पगार, मोटार हे सारे सांगून झाले की वडील आवाज किंचित खाली आणून म्हणतात, ‘‘आणि बरं का, त्याने तिकडचा सरकारी विमा सोडून प्रायव्हेट घेतला! सरकारीत काय, सगळे सामान्य लोक. प्रायव्हेटमध्ये डॉक्टर लगेच भेटतो, इस्पितळात खोली स्वतंत्र, आणि गंमत म्हणजे हप्ता उलट कमी!’’ ऐकणारा मान डोलावतो. आपला मुलगा अजून ‘सामान्य लोकांत’च आहे, याची त्याला क्षणभर लाजही वाटते.

या कौतुकाच्या विरुद्ध मला लिहावयाचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ‘खाजगी ते उत्तम आणि सार्वजनिक ते गरिबांचे’ ही आपल्याकडची समजूत सामानाबरोबर विमानात घालून जर्मनीला नेणे हा भाबडेपणा आहे. आणि त्याची किंमत आज दिसत नाही, ती पंचविसाव्या-तिसाव्या वर्षी मोडून मग पन्नाशी-साठीत भरावी लागते.

ही समजूत आली कोठून, ते उघड आहे. आपल्या जिल्ह्याच्या इस्पितळात एकेका खाटेवर दोघे दोघे आपण पाहिलेले असतात. ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने आधी नगरपालिकेची शाळा सोडली, मग सरकारी दवाखाना सोडला, मग एस्‌टी सोडली. हे त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. पण सोडण्याच्या या सवयीलाच आपण प्रगती समजू लागलो, आणि जे सर्वांसाठी आहे ते आपल्यासाठी नाही अशी मनाची घडी पडली. ही घडी घेऊन आपला मुलगा ज्या देशात उतरतो, त्या देशात मात्र दर दहा माणसांतील जवळजवळ नऊ माणसे सार्वजनिक विम्यात आहेत. कामगार आहेत, तसे अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत आणि चांगले गलेलठ्ठ पगारवालेही आहेत.

मुळात या विम्याला ‘सरकारी’ म्हणणे हीच गफलत आहे. बिस्मार्कच्या राजवटीत १८८३ साली कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला, तेव्हा आपल्याकडे ‘केसरी’ निघून जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्या कायद्यातून वाढलेल्या ज्या संस्था आहेत, त्यांना जर्मन लोक ‘क्रांकेनकासे’ म्हणतात. शब्दशः आजारपणाची पेटी. अशा पेट्या आज नव्वदच्या वर आहेत. त्यांचा कारभार सरकारी खात्याकडे नसून विमेकऱ्यांच्या आणि मालकांच्या प्रतिनिधींकडे असतो, आणि एका पेटीत वर्ष काढल्यावर सभासदाला दुसरीत जाता येते. जर्मन माणूस आजारी पडला की ज्या इस्पितळात जातो त्याच इस्पितळात या पेटीचा सभासद जातो. गरिबांचे निराळे आणि श्रीमंतांचे निराळे अशी तेथे वाटणी नाही.

दोन्ही विम्यांचा हिशेब मात्र मुळापासून वेगळा आहे, आणि सारा प्रश्न समजण्यासाठी एवढा एकच भेद लक्षात ठेवला तरी पुरे. सार्वजनिक विमा विचारतो, ‘तुझी कमाई किती?’ खाजगी विमा विचारतो, ‘तुझे वय किती आणि तुला आजार कोणते?’ पहिल्यात वर्गणी पगाराच्या प्रमाणात असते. मूळ दर १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक पेटीची थोडी जादा वर्गणी, आणि या दोहोंचा निम्मा भार कंपनीवर. दुसऱ्यात पगाराचा संबंध नाही. वय, प्रकृती आणि किती सोयी हव्यात यांवर हप्ता ठरतो. माणूस तरुण आणि धडधाकट असला की हप्ता कमी, हे ओघाने आलेच. म्हणजे चिरंजीवांनी जो ‘कमी हप्ता’ मिळविला, तो त्यांच्या हुशारीचा भाव नव्हे; तो त्यांच्या अठ्ठावीस वर्षांचा भाव आहे. आणि अठ्ठावीस वर्षे ही काही टिकणारी वस्तू नाही.

खाजगीत जाण्याची मुभाही प्रत्येक नोकरदाराला नसते. वर्षाचा पगार एका ठरावीक मर्यादेवर गेला तरच ती मिळते. ही मर्यादा दरवर्षी बदलते; २०२५ साली ती ७३,८०० युरो होती. त्यामुळे बढतीचे पत्र आणि विमा-दलालाचा फोन हे दोन्ही तिकडे बहुधा एकाच आठवड्यात येतात, आणि माणूस खुशीत असतानाच त्याच्यापुढे कागद ठेवला जातो.

आता थोडी आकडेमोड करू. २०२५ साली सरासरी जादा वर्गणी २.५ टक्के धरली जात होती. म्हणजे एकूण १७.१ टक्के. ही वर्गणी त्या वर्षी महिना ५,५१२ युरो ५० सेंटपर्यंतच्या पगारावरच आकारली जात होती. त्यावर पगार कितीही असो. तेव्हा मोठ्या पगाराच्या माणसाची जास्तीत जास्त वर्गणी महिना सुमारे ९४२ युरो होत होती, आणि त्यातले निम्मे म्हणजे ४७१ युरो त्याच्या खिशातून जात होते. वृद्धांच्या शुश्रूषेचा निराळा विमा दोन्हींकडे असतो, तो येथे सोडून देऊ. समजा, दलालाने महिना साडेचारशे युरोचा खाजगी विमा देऊ केला. त्याचेही निम्मे कंपनी देणार. मुलाचा खर्च २२५. म्हणजे दरमहा २४६ युरोंची बचत! कागदावरचा हा आकडा पाहून कोणाचाही जीव सुपाएवढा होईल.

पण याच मुलाचे सात वर्षांनी लग्न झालेले असते, बायको काही काळ घरी असते आणि दोन मुले झालेली असतात. सार्वजनिक विम्यात कमाई नसलेली पत्नी आणि मुले त्याच एका वर्गणीत येतात. २०२५ च्या हिशेबाने वर्गणी तीच, ४७१. खाजगीत दर डोई वेगळी पॉलिसी. मासल्यापुरते धरू की त्याचे साडेचारशे, पत्नीचे साडेचारशे आणि मुलांचे दीड-दीडशे. झाले बाराशे. कंपनी निम्मे देते खरी, पण सार्वजनिक विम्यात तिला जेवढे जास्तीत जास्त द्यावे लागले असते त्याहून एक पैही अधिक नाही, म्हणजे ४७१. उरलेले ७२९ युरो गृहस्थाने द्यावयाचे. ज्याची दरमहा २४६ युरोंची बचत होत होती, तो आता दरमहा २५८ युरो जादा भरतो. आणि त्याच्या स्वतःच्या हप्त्यात सात वर्षांत झालेली वाढ मी यात धरलेलीच नाही.

कोणी म्हणेल, आमची सून नोकरी करते आणि ती सार्वजनिक विम्यात आहे. मुले तिच्या नावावर घालू. तीही वाट कायद्याने अडविली आहे. नवरा खाजगी विम्यात, त्याचा पगार त्या मर्यादेवर आणि बायकोपेक्षा जास्त, अशी स्थिती असली की मुलांना आईच्या पेटीत फुकट जागा मिळत नाही. मूल तापाने फणफणले आणि आईबापांपैकी एकाला घरी राहावे लागले, तर सार्वजनिक विम्यातल्या मुलासाठी सार्वजनिक विम्यातल्या पालकाला पेटीतून भत्ता मिळतो. २०२५ साली एका मुलामागे एकेका पालकाला वर्षात पंधरा दिवस मिळत. खाजगी विम्यात असा भत्ता नाही. आई बाळंतपणानंतर लांब रजेवर गेली, तर सार्वजनिक विम्याच्या अनिवार्य सभासदाला पालक-भत्त्यावर वर्गणी पडत नाही. खाजगीत हप्ता चालूच राहतो, आणि पगार थांबल्यामुळे कंपनीचा निम्मा वाटाही थांबतो. स्वतः मोठ्या दुखण्याने पडला, तर पहिले सहा आठवडे कंपनी पगार देते. पुढे सार्वजनिक पेटी पगाराच्या सत्तर टक्क्यांपर्यंत भत्ता देते, आणि एकाच दुखण्यासाठी तीन वर्षांत अठ्ठ्याहत्तर आठवड्यांची मर्यादा आहे. खाजगीत याची सोय हवी असेल तर ती निराळी विकत घ्यावी लागते. हे सारे त्या गुळगुळीत कागदावर पहिल्या पानावर लिहिलेले नसते.

तरीही कोणी शांतपणे उत्तर देईल : ‘‘बरे, तसे झालेच तर परत सार्वजनिक विम्यात येऊ.’’ येथेच खरी मेख आहे. खाजगीचे दार ढकलले की उघडते. परत येण्याचे दार पगार चांगला असेपर्यंत उघडत नाही. पगार त्या मर्यादेखाली घसरला, किंवा नोकरी सुटून बेकारभत्ता घेण्याची वेळ आली, तरच पंचावन्नच्या आतल्या माणसाला परतीची वाट मिळते. म्हणजे परत यायचे तर आधी पगारकपातीचा नवस बोलावयाचा! आणि वयाची ५५ वर्षे उलटली, आधीची पाच वर्षे सार्वजनिक विम्याबाहेर गेली, की पगार खाली आला तरी सहसा परत घेत नाहीत. शिवाय मर्यादा वाढल्यामुळे आपोआप सार्वजनिक विम्यात यावे लागत असताना ज्याने ‘मला नको’ असा सुटकेचा अर्ज दिला, त्याला तो अर्ज मागे घेता येत नाही.

हा नियम दुष्टपणाचा आहे काय? मुळीच नाही. जो कमावता आणि निरोगी असताना वर्गणी चुकवून बाहेर राहिला, त्याने म्हातारपणी दुखणी घेऊन पंक्तीत येऊन बसावे, हे कोणत्या गावाला रुचेल? नियम न्यायाचाच आहे. पण तो अठ्ठाविसाव्या वर्षी सही करणाऱ्याला उमगलेला असतो का, हा प्रश्न आहे.

आणि म्हातारपणी काय होते? पेन्शन पगाराहून कमी असते. सार्वजनिक विम्यात कमाई घटली की वर्गणी घटते. नोकरीच्या एकूण काळातील उत्तरार्धाचा नऊ-दशांश काळ ज्याने सार्वजनिक विम्यात काढला, त्याला पेन्शनरांच्या विम्यात हक्काची जागा मिळते. खाजगी हप्त्याला पेन्शन कळत नाही. तो आपल्या वाटेने चालत राहतो. काही वर्षे स्थिर असतो आणि मग एकदम उडी मारतो. खाजगी कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे : म्हातारपणी हप्ता फार चढू नये म्हणून त्या तरुणपणाच्या हप्त्यातूनच काही रक्कम राखून ठेवतात, त्यासाठी कायद्याने दहा टक्के जादाही घेतात, आणि अगदीच झेपेनासे झाले तर २००९ पासून एक ‘मूळ दराची’ पॉलिसी देणे त्यांना बंधनकारक आहे. पण त्या मूळ पॉलिसीत सोयी साधारण सार्वजनिक विम्याएवढ्या, आणि हप्ता मात्र सार्वजनिक विम्यातील कमाल वर्गणीपर्यंत चढू शकतो. म्हणजे ज्यांना ‘सामान्य लोक’ म्हणून नाक मुरडले त्यांच्याच सोयी, त्यांच्यातल्या सर्वांत श्रीमंताच्या दराने घेण्याची पाळी!

आता विरुद्ध पक्षाचे तीन आक्षेप घेऊ, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप : खाजगीवाल्याला तज्ज्ञ डॉक्टर लवकर भेटतो. हे खरे आहे. त्यांच्याकडून डॉक्टरांना फी अधिक मिळते, म्हणून त्यांची वेळ लवकर लागते, आणि जर्मनीत या भेदभावावर टीकाही होते. कातडीच्या डॉक्टरसाठी आठवडेच्या आठवडे थांबणारा सार्वजनिक सभासद वैतागतो, यात नवल नाही. पण निकडीचे दुखणे असेल तर इस्पितळ विमा पाहून दार लावत नाही. घरच्या डॉक्टरने तातडीची चिठ्ठी दिली तर ११६११७ या क्रमांकावरून तज्ज्ञाची वेळ लावून देण्याची सोयही आहे. दातांचे काम, इस्पितळातील स्वतंत्र खोली, यांसाठी सार्वजनिक विमा ठेवून वरून छोटी पूरक पॉलिसी घेता येते. भाजीत मीठ कमी पडले म्हणून कोणी चूल बदलत नाही.

दुसरा आक्षेप : आमच्या मुलाला तिथे राहावयाचेच नाही, चार वर्षांनी परत येणार. हा आक्षेप तिन्हींत बळकट आहे. खरोखरच एकटा, निरोगी, मोठ्या पगाराचा आणि परतीची तारीख नक्की असलेला माणूस खाजगीत गेला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मात्र त्यालाही एक गोष्ट सांगेन. त्याच्या हप्त्यातला जो भाग म्हातारपणासाठी राखून ठेवला जातो, तो देश सोडताना रोखीने हातात पडत नाही. म्हणजे ज्या म्हातारपणी तो पुण्यात असणार, त्या म्हातारपणाचे पैसे तो जर्मनीत ठेवून येणार. आणि दुसरे असे, की चार वर्षांसाठी गेलेले किती जण चार वर्षांनी परत आले, हे ज्याच्या त्याच्या आळीत मोजून पाहावे. ब्ल्यू कार्डवर गेलेल्याला भाषा बरी येत असेल तर एकवीस महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. २०२४ च्या कायद्याने पाच वर्षांत नागरिकत्वाचाही अर्ज करता येतो. मुले तिकडच्या बालवाडीत जाऊ लागली की परतीची तारीख दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. अशा माणसाने चार वर्षांच्या हिशेबाने चाळीस वर्षांचा निर्णय घेऊ नये.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण मनात असतो : तिकडच्या म्हाताऱ्यांची दुखणी आमच्या मुलाने का म्हणून पोसावीत? याचे उत्तर असे, की ते म्हातारेही त्याला पोसतात. पगारदार माणूस सार्वजनिक पेटीत गेला की त्याला मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, वडिलांना काय झाले होते, असे कोणी विचारत नाही. आणि मधुमेह हा आपल्याकडे किती घरांत पाहुणा म्हणून येऊन मालक होऊन बसला आहे, हे मी सांगावयास नको. खाजगी कंपनी हे सारे विचारते. जादा हप्ता लावते, एखादे दुखणे वगळते किंवा सरळ नाही म्हणते. आणि उत्तर लपविले असे पुढे आढळले तर करारातूनही अंग काढून घेऊ शकते.

खानदेशातील पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी फडाची जुनी पद्धत होती. बंधाऱ्याचे पाणी साऱ्यांचे, पीक कोणत्या फडात कोणते हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे आणि पाणी पाटकऱ्याने पाळीने द्यावयाचे. तेथे पाऊस बरा झाला म्हणून ‘यंदा मला बंधारा नको, माझी वर्गणीही नको’ असे म्हणणारा शेतकरी दुष्काळात कोणत्या तोंडाने पाटावर आला असता? पाण्याचे हे शहाणपण ज्यांच्या पूर्वजांना शाळा न शिकता होते, त्यांच्या पदवीधर नातवांना विम्याच्या बाबतीत ते निराळे शिकवावे लागावे, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

दलालाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. खाजगी पॉलिसी विकणाऱ्याला अनेक महिन्यांच्या हप्त्यांएवढे कमिशन एका सहीवर मिळते; ते इतके वाढले होते की २०१२ पासून जर्मन कायद्याने त्याला मर्यादा घालावी लागली. तिकडच्या गणेशोत्सवात आपुलकीने मराठीत बोलणारा, ‘‘दादा, मी तुमच्या भल्यासाठी सांगतो’’ म्हणणारा गृहस्थ वाईटच असतो असे नव्हे. पण त्याची भाषा आपली आहे म्हणून त्याचा हिशेबही आपलाच, असे समजू नये. त्याला एकच विचारावे : ‘‘मी पंचावन्नचा झाल्यावर, दोन मुले आणि निम्मा पगार असताना, काय भरीन ते कागदावर लिहून द्या.’’ तो काय लिहितो, आणि किती लवकर विषय बदलतो, यावरून पुष्कळ कळेल.

शिकावयास जाणाऱ्यांनाही हे लागू आहे. पुण्याहून निघताना घेतलेली प्रवासाची स्वस्त पॉलिसी विद्यापीठात नाव दाखल होईपर्यंतच्या दिवसांपुरती ठीक. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या वर्गणीत मिळतो. ‘तो नको, खाजगी पुरे’ असा अर्ज सुरुवातीला एकदा केला की शिक्षण संपेपर्यंत तो फिरविता येत नाही. मग मधेच एखादे दुखणे निघाले, आणि ते स्वस्त पॉलिसीच्या यादीत नसले, की शेंगदाण्याच्या भावाने घेतलेला कागद शेंगदाणे बांधावयासच उपयोगी पडतो.

आणि आईवडिलांनो, हा विषय तुमचाही आहे. तुम्ही मुलाकडे तीन महिने जाता तेव्हा व्हिसासाठी किमान तीस हजार युरोंचा प्रवासी आरोग्यविमा लागतो. तो घेताना स्वस्तात स्वस्त शोधू नका, तुमची जुनी दुखणी त्यात धरली आहेत की वगळली आहेत ते वाचा. १ मार्च २०२४ पासून ज्यांना कुशल नोकरीचा परवाना नव्याने मिळाला, त्यांना आईबापांना कायमचे बोलावून घेण्याची वाट कायद्याने दाखविली आहे. पण त्यासाठी तुमचा पुरेसा विमा हवा, आणि मुलाच्या कुटुंबविम्यात पत्नी व मुले बसतात, आईबाप बसत नाहीत. साठीच्या माणसाला खाजगी कंपनी कोणता भाव लावील, हे आता वाचकांना सांगावयास नको. मुलाच्या खाजगी विम्याचे कौतुक करणाऱ्या वडिलांनी तिकडे कायमचे जावयाचे ठरविले, की वयाचा भाव म्हणजे काय हे त्यांना स्वतःच्या नावाच्या कागदावर वाचावयास मिळेल.

सार्वजनिक विमा निर्दोष आहे असा माझा दावा नाही. त्याची वर्गणी वाढतेच आहे. सरासरी जादा वर्गणी २०२४ साली १.७ टक्के होती, ती एका वर्षात २.५ वर गेली. इस्पितळात दिवसाला दहा युरो, औषधामागे पाच ते दहा युरो पदरचे घालावे लागतात. दातांच्या मोठ्या कामात ती पेटी हात आखडता घेते. पण वर्गणी वाढते ती सर्वांची वाढते, कमाईच्या प्रमाणात वाढते, आणि वाढली तर देशभर ओरड होते. खाजगी हप्ता वाढल्याचे पत्र एकट्याच्या नावाने येते आणि ते एकट्यालाच वाचावे लागते.

या दिवाळीत मुलाचा फोन येईल. पगार विचारण्याच्या आधी त्याला एवढे विचारा : तू कोणत्या विम्यात आहेस, आणि बदलण्याचा कागद पुढे आला असेल तर सही केलीस का? केली नसेल तर म्हणावे, थांब. बायको, मुले, आजारपण आणि म्हातारपण या चौघांना शेजारी बसवून हिशेब कर, आणि मग ठरव. केली असेल आणि वय पंचावन्नच्या आत असेल तर परतीची वाट कोणत्या अटींवर आहे ते आजच विचारून ठेव, कारण ती दर वर्षागणिक अरुंद होते. आणि तो म्हणाला, ‘‘बाबा, मी पब्लिकमध्येच आहे, सगळ्यांच्या बरोबर,’’ तर आवाज खाली आणू नका. आळीत चांगले मोठ्याने सांगा.